परतीचा ठोका

१

आमचे आजोबा कुठल्याही खोलीत शिरताना चौकटीवर दोनदा ठोकतात आणि थांबतात. आतून कुणी एकदा ठोकलं की मगच पाऊल टाकतात. स्वतःच्या स्वयंपाकघरात, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, सगळीकडे हेच. घरात आम्हाला याची इतकी सवय की भांडी घासता घासता मी कोपराने कपाटावर एक ठोका देते आणि माझं मलाही कळत नाही. घरी कुणीच नसलं तर ते काय करतात, हे मी लहानपणी एकदा शेजारच्या अंगणातून पाहिलं होतं. दोनदा ठोकून ते बाहेर पायरीवर बसून राहिले होते, आई कामावरून येईपर्यंत.

ही सवय भट्टीतली. हॅझलरिगच्या व्हिस्कीच्या भट्टीत ते आणि त्यांचा धाकटा भाऊ ऑर्विल पिंपं रचणाऱ्या टोळीत होते. गोदामात लाकडी रुळांच्या अरुंद गल्ल्या असतात. भरलेली पिंपं त्यांवरून घरंगळत आत सोडायची. एक माणूस गल्लीच्या तोंडाशी, दुसरा आत अंधारात. तोंडाशी असलेल्याने रुळावर दोनदा ठोकायचं, म्हणजे ‘आहेस का?’ आतल्याने एकदा, म्हणजे ‘आहे.’ उत्तर आल्याशिवाय पिंप सोडायचं नाही. आणि आतून तीन ठोके आले तर असाल तिथून बाहेर पळायचं. का, मागे कोण राहिलं, काही विचारायचं नाही.

एके दिवशी चार नंबरच्या गोदामात ऑर्विलने आतून तीन ठोके दिले. आजोबा नियमाप्रमाणे पळाले. ऑर्विल बाहेर आला नाही.

आजोबा हे कधीच सांगत नाहीत. आईने सांगितलं, तेही एकदाच, आणि वर ‘त्यांच्यासमोर बोलू नकोस’ म्हणून दटावलं. आमच्या घरातल्या मोठ्या माणसांची ही रीत मला पटत नाही. जे दुखतं त्याच्यावर चादर टाकायची आणि मग आयुष्यभर त्या चादरीला वळसा घालून चालायचं.

या उन्हाळ्यात लुइव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं की आजोबांच्या हृदयाची झडप आता थकली आहे. शस्त्रक्रिया केली तर अजून बरीच वर्षं आहेत. नाही केली तर पुढचा नाताळ दिसणं कठीण. आजोबांनी शांतपणे टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाले, “बघू.”

“बघू म्हणजे काय?” पार्किंगमध्येच मी भडकले. “भाजी घ्यायची आहे का बाजारातून?”

“ओरडू नकोस, वाश्ती. लोक बघताहेत.”

“बघू देत! सही का नाही केलीत?”

गाडीच्या दारावर त्यांनी दोनदा ठोकलं. मी आत बसून रागारागाने स्टीअरिंगवर एक ठोका मारला. ते आत बसले, पट्टा लावला.

“मला एकदा चार नंबरच्या गोदामात जाऊन यायचंय,” ते म्हणाले. “मग काय कापायचं ते कापा.”

“ते आता सहलीचं ठिकाण झालंय, आजोबा. तिकीट काढून लोकांना आत सोडतात.”

“मग काढ तिकीट.”

“आणि परत आल्यावर सही कराल?”

“ते आत गेल्यावर कळेल.”

“काय कळेल?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. “तुला इंजिनिअर केलं तिथेच चुकलं. प्रत्येक गोष्टीची शेपटी धरून ओढत बसतेस.”

२

शनिवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा हवा आंबलेल्या मक्याच्या वासाने जड झाली होती. भट्टीच्या आसपासची झाडं बुंध्यापासून काळी असतात. पिंपातून जी दारू हवेत उडते तिच्यावर ही काळी बुरशी जगते. भिंती काळ्या, कुंपण काळं, रस्त्यावरच्या पाट्यासुद्धा काळ्या. मी लहान असताना आजोबांच्या जुन्या बुटांनाही तो रंग होता.

आमच्या गटाची वाटाड्या होती डार्लीन. पन्नाशीची, भरघोस केसांची, सगळ्यांना ‘बाळा’ म्हणणारी. आमच्याबरोबर सिनसिनाटीहून आलेलं एक जोडपं होतं. त्यातल्या नवऱ्याने नवी कोरी काऊबॉय टोपी घातली होती आणि त्याला प्रत्येक वाक्यावर विनोद सुचत होता. शिवाय तीन मैत्रिणी होत्या, त्यातल्या एकीचं लग्न ठरलेलं. बस, एवढेच.

“इथलं पिंप दरवर्षी थोडं थोडं रिकामं होतं,” डार्लीन म्हणाली. “तो देवदूतांचा वाटा, बरं का.”

“मग मेल्यावर मला इथेच पाठवा!” टोपीवाला म्हणाला. त्याच्या बायकोने छताकडे पाहिलं.

आजोबा बॅप्टिस्ट चर्चचे जुने सेवेकरी. उभं आयुष्य व्हिस्की रचली, पण थेंब जिभेला लावला नाही. चाखायचे पेले फिरले तेव्हा त्यांनी आपला माझ्याकडे सरकवला. मी गाडी चालवणार होते, म्हणून मी तो नवरीकडे सरकवला.

भट्टीच्या प्रत्येक दाराशी ते ठोकत होते. मी परतीचा ठोका देत होते. डार्लीनला ते फार गोड वाटलं. “किती शिस्तीचे आहेत तुमचे आजोबा!”

भिंतीवर जुने फोटो लावले होते. पुढच्या रांगेत हॅझलरिग घराण्याचे गोरे बाप-लेक, खाली सोनेरी अक्षरांत नावं. मागच्या रांगेत बाह्या दुमडलेली आमची काळी माणसं. त्यांच्याखाली फक्त ‘कामगार’.

“यांची नावं कुठे आहेत?” मी विचारलं.

डार्लीन गोंधळली. “ते… बाळा, तेवढी नोंदच नसेल.”

“नोंद नसायला काय, हे बघा, एक इथेच उभे आहेत. विचारा की!”

“वाश्ती,” आजोबा म्हणाले. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्यांनी काचेवर बोट टेकवलं. मागच्या रांगेच्या टोकाला एक सडपातळ तरुण होता. फोटोसाठी सगळे ताठ उभे आणि हा हसू दाबत होता. डाव्या हाताची मूठ शेजारच्या पिंपावर टेकलेली, जणू आत्ताच ठोकणार.

“ऑर्विल,” आजोबा म्हणाले.

हे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

३

चार नंबरचं गोदाम टेकडीच्या उतारावर आहे. सात मजले, सगळं लाकूड, वरून पत्रा. आत दिवे लावत नाहीत. दारूच्या वाफेत ठिणगी नको म्हणून जुन्या काळापासून तसंच चालत आलंय. छोट्या खिडक्यांतून येईल तेवढाच उजेड.

डार्लीनने मोठं सरकतं दार उघडलं. आतला गारवा अंगावर आला. लाकूड, व्हॅनिला आणि ओली माती यांचा वास. बाकीचे आत गेले.

आजोबा दाराशी थांबले. चौकटीवर त्यांनी दोनदा ठोकलं.

माझे दोन्ही हात गुंतलेले होते. एका हातात त्यांची काठी, दुसऱ्यात पाण्याची बाटली. शिवाय त्या फोटोमुळे डोकं तापलेलंच होतं. मनात आलं, आज एवढ्या लोकांसमोर तरी हे थांबवावं. मी ठोका दिला नाही.

आतून एक ठोका आला.

स्पष्ट होता. कोरड्या लाकडावर मुठीचा. डावीकडच्या गल्ल्यांतून, कुठूनतरी वरून.

मी आत बघितलं. सगळी मंडळी उजवीकडे डार्लीनभोवती उभी होती. टोपीवाला दोन्ही हातांनी फोनवर फोटो काढत होता.

उन्हाने लाकूड वाजतं, मी स्वतःला सांगितलं. सकाळी पूर्वेकडचा पत्रा तापतो, तुळया ताणल्या जातात, सांधे वाजतात. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे हे.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. “तू दिलास?”

खोटं बोलणं सोपं होतं. “नाही,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, टोपी काढली आणि इतक्या वर्षांनी त्या उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं.

४

गोदामाच्या मधोमध ओळंबा टांगलेला असतो. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तसाच, फक्त याची दोरी थेट वरच्या छतापासून निघते, प्रत्येक मजल्याच्या फळीतल्या भोकातून खाली उतरते आणि तळाशी शिशाचा लंबक जमिनीवर रंगवलेल्या फुलीच्या बरोबर वर लोंबतो. एवढी पिंपं म्हणजे डोंगराएवढं वजन. एका बाजूची जास्त काढली की अख्खी इमारत दुसरीकडे कलते. लंबक फुलीवर आहे तोवर सगळं ठीक.

“आणि हा बघा, फुलीवर आहे!” डार्लीन म्हणाली.

फुलीवर नव्हता. अंगठ्याएवढा पश्चिमेला होता.

“कुणाचा तरी धक्का लागला असणार,” ती म्हणाली. तिने वाकून दोन बोटांनी लंबक धरला, फुलीवर आणला, स्थिर केला, सोडला. लंबक सावकाश परत पश्चिमेला गेला. झोका नाही, थरथर नाही. झोपलेलं माणूस कूस बदलतं तसा. आता तो अंगठ्यापेक्षा जास्त लांब होता.

“वारा,” टोपीवाला म्हणाला.

आत वारा नव्हता. माझ्या कपाळावरचा एक केसही हलत नव्हता.

“वरच्या मजल्यांवर काही काम चाललंय का?” मी विचारलं.

“पूर्वेकडची पिंपं काढलीत या आठवड्यात. महोत्सव जवळ आलाय ना, बाटल्या भरायची घाई. पश्चिमेची पुढच्या आठवड्यात काढतील.”

 दोन्ही बाजूंनी जोडीजोडीने काढायची असतात पिंपं. हे भट्टीत काम केलेल्या प्रत्येक घराला माहीत असतं, पदवी लागत नाही त्याला. आमच्या घरात तर फ्रीजमधली अंडीसुद्धा आजोबा दोन्ही टोकांनी काढतात आणि मी त्यावरून त्यांना चिडवते.

डोक्यावर कुठेतरी एक तुळई कण्हली. मग दुसरी. आवाज एका मजल्यावरून खालच्या मजल्यावर उतरत आला, जिना उतरावा तसा. लंबक सरकत होता. मी त्याच्याकडे बघत असताना तो सरकत होता.

आणि मग थांबला.

कण्हणंही थांबलं. अख्खं गोदाम गप्प झालं. ओझं उचललेलं माणूस बोलायचं बंद होतं तसं. लंबक हळूहळू फुलीकडे आला, बरोबर मधोमध येऊन उभा राहिला. झुलून स्थिरावला नाही. नुसता उभा राहिला.

“बघा, आला जागेवर!” डार्लीन हसली.

दोरीला टांगलेली वस्तू अशी थांबत नाही. मी दोरीवरून नजर वर नेत गेले. ती सरळ नव्हती. लंबकापासून पहिल्या मजल्याच्या भोकापर्यंत सरळ, पण तिथे तिला कोन पडला होता. कुणी मधेच पकडून बाजूला ओढून धरली तर पडतो तसा कोन.

भोकाच्या पलीकडे, वरच्या अंधारात, दोरीभोवती बोटं होती.

चार बोटं आणि दुमडलेल्या बाहीची कड. मनगटाची शीर ताणलेली. आमच्या घरातल्या माणसांसारखाच हात. डावा. त्या हाताला जड होत होतं. तो कापत होता, पण सोडत नव्हता.

मग वरच्या फळीवर ठोके आले. एक. दोन. तीन.

५

“बाहेर!” मी ओरडले. “सगळे बाहेर, आत्ताच्या आत्ता!”

“ओ बाई, काय झालं काय?” टोपीवाला म्हणाला. “अजून दुसरा पेला चाखायचा राहिलाय!”

“गोदाम कलतंय! पूर्व बाजू रिकामी केलीय यांनी. चला, निघा!”

“बाळा, लंबक तर—”

“डार्लीन, तू त्याला फुलीवर ठेवलंस आणि तो सरकला. पाहिलंस ना डोळ्यांनी?”

तिने पाहिलं होतं. तिचं हसू गळून पडलं. तिने नवरीचा दंड धरला आणि त्या मुलींना दाराकडे ढकलत नेलं. टोपीवाल्याला त्याच्या बायकोने मागून कॉलर धरून ओढलं. मला आयुष्यभर लोक म्हणत आले, पोरीचा आवाज फार चढतो. चढू दे.

मी वळले. आजोबा गल्लीच्या तोंडाशी खालच्या रुळावर बसले होते. टोपी मांडीवर. चेहरा वर.

“उठा!”

“तू जा, पोरी.”

“आजोबा, तीन ठोके आलेत! ऐकले ना तुम्ही?”

“ऐकले.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, मीठ मागावं तसा. “मागच्या वेळीही ऐकले होते. पळालो. तेव्हापासून दारोदार विचारत फिरतोय, आहेस का म्हणून. आज म्हणाला, आहे. आता परत त्याला टाकून जाऊ?”

आता मला कळलं की ते सही का करत नव्हते. गाडीत ‘ते आत गेल्यावर कळेल’ का म्हणाले, तेही कळलं. हा माणूस इथे बसायला आला होता.

मला रडू आलं नाही. मला इतका संताप आला की डोळ्यांपुढे पांढरं झालं.

“वर बघा!” मी त्यांची हनुवटी धरून दोरीकडे फिरवली. आजवर कधी त्यांच्या अंगाला असा हात लावला नव्हता. “दिसतंय? दोरी धरून उभा आहे तो. तुमच्यासाठी! तुम्ही इथे बसलात तर तो सोडणार कधी? तुम्ही दोनदा ठोकता आणि त्याला उत्तर द्यायला इथेच थांबावं लागतं. आणखी किती वर्षं उभं ठेवणार आहात त्या पोराला?”

त्यांनी पाहिलं. त्यांना काय दिसलं ते मी विचारलं नाही, अजूनही विचारत नाही. त्यांचे ओठ हलले. वरच्या फळीवरून धूळ झडली आणि तुळई पुन्हा कण्हायला लागली, आता खालच्या पट्टीत.

“त्याचा हात कायम असाच थरथरायचा,” आजोबा म्हणाले. “जड उचलताना.”

आणि त्यांनी माझ्याकडे काठी मागितली.

आम्ही चाललो. पळणं त्यांना शक्य नव्हतं. मी त्यांचा दंड धरला होता आणि माझ्या पाठीला लंबकाची जाणीव होत होती, कुणी बघत असल्यासारखी. उंबऱ्यापाशी ते थांबले.

“आजोबा, नका!”

“एक मिनिट.” त्यांनी चौकटीवर मूठ ठेवली. मला वाटलं दोनदा ठोकतील. त्यांनी तीनदा ठोकलं. सावकाश, नीट ऐकू जाईल असं.

मग बाहेर उन्हात पाऊल टाकलं. मागे वळले नाहीत.

६

आम्ही कुंपणाशी पोचलो तेव्हा दोरी तुटल्याचा आवाज आला. एवढ्या लांबून तो ऐकू यायला नको होता, पण आला. मग गोदामाची पश्चिम बाजू गुडघ्यावर बसली. घाई नाही. एकेक मजला खालच्याच्या मांडीवर टेकत गेला, आणि पिंपं उतारावरून घरंगळत गवतात आली, एकमेकांवर आपटत, कितीतरी वेळ. हवेत व्हिस्कीचा इतका वास पसरला की नवरीला शिंक आवरेना.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. टोपीवाल्याची टोपी आत राहिली, तेवढंच. तो गवतात मांडी घालून बसला होता आणि पहिल्यांदाच त्याला विनोद सुचत नव्हता. डार्लीन एकेकाचा चेहरा बघून मोजत होती, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी तिचा हिशोब एकाने जास्त येत होता. शेवटी ती म्हणाली, “जाऊ दे. कमी नाही ना कुणी.”

कंपनीने नंतर पूर्व बाजू आधी रिकामी केल्याची चूक मान्य केली. मी वाचलं ते. सगळं बरोबर आहे त्यात. हाताचं काही नाही, अर्थातच.

परतीच्या वाटेवर आजोबांना भूक लागली. रस्त्याकडेच्या खानावळीत त्यांनी तळलेला कॅटफिश, मक्याचा पाव आणि वर सफरचंदाची गोड पाई मागवली. खानावळीच्या दारातून ते सरळ आत गेले. ठोकलं नाही. मी बाहेरच उभी राहिले, माझ्या हाताला काय करावं ते कळेना.

“येतेस का आत,” ते म्हणाले, “की तुला आता आमंत्रण लागतं?”

पाई संपल्यावर त्यांनी तोंड पुसलं. “त्या कागदावर कुठे करायचीय सही?”

“डॉक्टरांकडे. सोमवारी.”

“बरं. आणि माझी हनुवटी पुन्हा अशी धरलीस तर बघ.”

७

शस्त्रक्रिया लांबली. दुपार कलली तेव्हा आम्हाला एकेकाला आत सोडलं. आई आधी जाऊन आली आणि भिंतीशी उभी राहून रडली, बरं वाटल्यावर रडतात तसं. मग माझा नंबर.

काचेच्या दाराशी मी थांबले. आत आजोबा झोपलेले होते. नळ्या, पांढरी चादर, यंत्राची हिरवी रेघ. अजून भूल उतरली नव्हती, परिचारिकेने तसं बजावलं होतं. दोन्ही हात चादरीवर, पट्ट्यांनी बांधलेले, बोटं सैल.

मला हसू येत होतं स्वतःचं. तरी मी चौकटीवर दोनदा ठोकलं.

आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा या बाजूला थांबले. इकडून ती वेळ किती मोठी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आतून एक ठोका आला.

आजोबांचे हात चादरीवर तसेच होते. हिरवी रेघ शांतपणे उठत होती, पडत होती. पाइप असेल, मी म्हणाले. शेजारच्या खोलीतली ढकलगाडी असेल. वातानुकूलन असेल. कारणं भराभर सुचत गेली, मला शिकवलीच आहेत ती.

मी कान देऊन आणखी दोन ठोक्यांची वाट पाहिली. बराच वेळ पाहिली.

ते आले नाहीत. म्हणजे इथून कुणालाच कुठे जायचं नव्हतं.

मी आत गेले आणि खुर्ची ओढून बसले. पलंगाच्या पलीकडची खुर्ची मात्र मोकळीच ठेवली.